घड्याळ चुकले, पण कोणते आणि कितीने?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : संगणक

पावसाळा ओसरल्यापासून आलेल्या पत्रांत एका तक्रारीने बाकी सर्व विषयांना मागे टाकले आहे : लिनक्स या संगणकप्रणालीचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, अपडेट केले आणि संगणकाचे घड्याळ बिघडले. पत्रे पेडण्यापासून वास्कोपर्यंतची आहेत आणि वरवर पाहता सर्वांचे दुखणे एकच वाटते; प्रत्यक्षात त्यांतील एका पत्रातच दोष निखळपणे कर्नलकडे जातो. पाच पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात ती पुन्हा सांगावी लागणार नाही. संगणकात घड्याळे दोन असतात. पहिले मदरबोर्डवर असते. सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा क्वार्ट्झचा स्फटिक ते चालवतो आणि संगणकाची वीज काढून घेतली तरी नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलवर ते चालू राहते. त्याला हार्डवेअर घड्याळ म्हणू. दुसरे कर्नल स्वतः चालवते. संगणक सुरू होताना ते पहिल्या घड्याळाला एकदा वेळ विचारते आणि त्यानंतर संगणक बंद होईपर्यंत स्वतःच्या मोजणीवर पुढे सरकते. हे सिस्टिम घड्याळ, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आपण पाहतो ते हेच. बहुतेक वाचक ‘घड्याळ चुकते’ एवढेच लिहितात. फरक नेहमी तेवढाच राहतो की दिवसभरात वाढत जातो, तो संगणक बंद करून सुरू केल्यावर दिसतो की चालू असतानाच, हे लिहिले तर निम्मे निदान पत्रातच होऊन जाईल.

खालील आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावयाची आहेत.

प्रश्न : म्हापसा बाजारपेठेत आमचे औषधांचे दुकान आहे. बिले करण्याच्या संगणकावर उबंटू ही लिनक्स प्रणाली असून तो एरवी इंटरनेटला जोडलेला नसतो. गेल्या महिन्यात बिलाची प्रणाली पुरवणाऱ्यांचा माणूस आला आणि स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट जोडून सर्व अपडेट करून गेला. तेव्हापासून सकाळी नऊला अगदी बरोबर असलेले घड्याळ रात्री आठपर्यंत सुमारे तीन मिनिटे मागे पडलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ पुन्हा बरोबर दिसते. सेल बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. दोष यंत्रात आहे की अपडेटमध्ये?

उत्तर : सकाळी वेळ बरोबर असते, हे आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे. रात्रभर वेळ सांभाळणारे हार्डवेअर घड्याळ निर्दोष आहे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून सेल बदलून काही साधणार नव्हते. चूक संगणक चालू असतानाच वाढते, म्हणजे ती सिस्टिम घड्याळाची आहे. आता प्रमाण पाहू. अकरा तासांत, म्हणजे ३९,६०० सेकंदांत, १८० सेकंदांची घट, हे प्रमाण हजारी साडेचार सेकंद पडते. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत काही दशकांएवढी, म्हणजे दिवसाला फार तर चार-पाच सेकंद असते. उकाड्याने वा दमट हवेने ती थोडी वाढेल, पण इतकी नव्हे. एवढी मोठी आणि इतकी नियमित चूक मोजण्याच्या पद्धतीत असते, आणि ती पद्धत ठरवणे हे कर्नलचेच काम असल्यामुळे आपला संशय योग्य दिशेने आहे.

कर्नलला वेळ मोजण्यासाठी कोणता तरी अखंड चालणारा गणक लागतो. आजच्या संगणकांत असे गणक बहुधा तीन असतात : प्रोसेसरच्या पोटातील टीएससी, मदरबोर्डवरील एचपीईटी, आणि सेकंदाला ३५,७९,५४५ पर्यंत मोजणारा जुना एसीपीआय पीएम. यांपैकी टीएससी वाचायला सर्वांत कमी वेळ लागतो, म्हणून तो विश्वासार्ह वाटला की कर्नल तोच निवडते. अडचण अशी की टीएससी सेकंदाला किती आकडे पुढे जातो हे प्रत्येक प्रोसेसरवर वेगळे असते. कर्नल तो वेग कधी प्रोसेसरलाच विचारते, तर कधी संगणक सुरू होताना दुसऱ्या गणकाशी ताडून स्वतः मोजते. कोणती रीत वापरावी याचे नियम कर्नलच्या आवृत्त्यांगणिक बदलत आले आहेत. वेग प्रत्यक्षाहून जास्त धरला गेला, तर कर्नलचा प्रत्येक सेकंद खऱ्या सेकंदाहून लांब होतो आणि घड्याळ दिवसभर एकाच गतीने मागे पडत राहते. आपल्या तक्रारीचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

हे पडताळणे अवघड नाही. संगणक सुरू होताना ग्रबची, म्हणजे कोणते कर्नल सुरू करायचे ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी आणावी, तीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून आधीचे कर्नल सुरू करावे आणि ‘यूनेम -आर’ या आज्ञेने आपण खरोखर जुन्यावर आहोत याची खात्री करून घ्यावी. मग ‘जर्नलसीटीएल -के’ या आज्ञेने कर्नलची नोंदवही उघडून टीएससीचा उल्लेख असलेल्या ओळी शोधाव्यात. एका ओळीत प्रोसेसरचा सापडलेला वेग मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि बहुधा थोड्या पुढे सुधारित वेगाची दुसरी ओळ असते. ते आकडे कागदावर उतरवून घ्यावेत, नंतर नव्या कर्नलवर जाऊन तेच करावे. समजा, जुन्यावर २३९४ आणि नव्यावर २४०५ असे निघाले, तर हजारी साडेचारांचा हिशेब तिथेच पुरा झाला. शेवटच्या दशांशांतील किरकोळ फरक मात्र मनावर घेऊ नये. तो दर वेळी संगणक सुरू करताना येतोच.

आकडे सारखेच निघाले तर नोंदवहीत आणखी एक गोष्ट पाहावी. कर्नलने टीएससीवर एक राखणदार नेमलेला असतो. तो दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची मोजणी दुसऱ्या गणकाशी ताडून पाहतो, आणि तफावत मोठी दिसली तर टीएससीला ‘अनस्टेबल’ ठरवून एचपीईटीकडे किंवा एसीपीआय पीएमकडे कारभार सोपवतो. अशी ओळ सापडली की पुष्कळ लोक घाबरतात. वास्तविक ही सुरक्षेची व्यवस्था आहे. तिने वेळ वाचणे थोडे मंदावते, वेळ बिघडत नाही. मात्र ज्या गणकाकडे कारभार गेला तोच सदोष असेल तर घड्याळ चुकू लागते. उलटही घडू शकते : अलीकडच्या कर्नलांत, ठरावीक गुणांच्या प्रोसेसरांवर हा राखणदार नेमलाच जात नाही, कारण त्याच्याकडून खोट्या आरोळ्या फार होत असत. अशा संगणकावर टीएससीचा वेग चुकीचा धरला गेला तरी नोंदवही गप्पच राहते.

उपाय करताना संगणक बंद करण्याचीही गरज नाही. ‘सिस’ या फोल्डरात ‘डिव्हायसेस’, त्यात ‘सिस्टिम’, त्यात ‘क्लॉकसोर्स’ आणि त्यात ‘क्लॉकसोर्स०’ असे उतरत गेले की दोन छोट्या फायली दिसतात. ‘अव्हेलेबल’ने सुरू होणाऱ्या फायलीत उपलब्ध गणकांची नावे असतात, ‘करंट’ने सुरू होणाऱ्या फायलीत सध्याच्या गणकाचे नाव असते. सुपरयूझरच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने दुसऱ्या फायलीत एचपीईटी असे लिहिले की गणक त्याच क्षणी बदलतो. यादीत एचपीईटी नसेल तर एसीपीआय पीएम वापरावा. इंटेलच्या कॉफी लेक पिढीच्या संगणकांवर कर्नलने २०१९ पासून एचपीईटी मुद्दाम बंद ठेवला आहे, कारण प्रोसेसर गाढ विश्रांतीत गेला की हा गणक तिथे थांबतो. गणक बदलल्यावर मोबाइलचे घड्याळ शेजारी ठेवून एक तास थांबावे. जुन्या दोषाने तासाला सोळा सेकंद कमी व्हायचे, तेव्हा निकाल डोळ्यांना सहज दिसेल. निकाल चांगला आला तर ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘डीफॉल्ट’मध्ये असलेल्या ग्रबच्या फायलीत, कर्नलला द्यावयाच्या सूचनांच्या ओळीत, ‘क्लॉकसोर्स’ बरोबर ‘एचपीईटी’ असे जोडून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवावी, म्हणजे निवड कायम राहील.

याच ओळीत ‘टीएससी’ बरोबर ‘रिलायेबल’ लिहावे, असा सल्ला इंटरनेटवर जागोजागी सापडतो. आमच्या मते तो आपल्यासारख्यांनी मुळीच मानू नये. त्याने टीएससी सुधारत नाही, फक्त राखणदाराला घरी पाठवले जाते.

आणखी एक मार्ग आपल्याला कोणी तरी सुचवीलच : संगणक इंटरनेटला जोडा, वेळ आपोआप जुळेल. जुळेल हे खरे, पण दोष झाकला जाऊन जुळेल. नेटवर्कवरील वेळेनुसार सिस्टिम घड्याळाची गती हळूहळू सुधारण्याची कर्नलची नेहमीची मर्यादा दहा लाखांत ५०० एवढी, म्हणजे दिवसाला ४३.२ सेकंद आहे. आपली चूक तिच्या नऊपट आहे. अशा वेळी उबंटूच्या अनेक आवृत्त्यांतील टाइमसिंकडी ही सेवा दर काही मिनिटांनी घड्याळाला पुढे ढकलत राहील आणि लागोपाठच्या दोन बिलांच्या वेळांत मधूनमधून अकारण खड्डा पडेल. आधी गणक दुरुस्त करावा, नंतर हवे तर नेटवर्कची वेळ घ्यावी.

जाता जाता : हा प्रकार नवा नाही. २००५ च्या सुमारास एटीआयचा चिपसेट असलेल्या काही एएमडी लॅपटॉपांवर कर्नल बदलताच घड्याळ दुप्पट वेगाने पळू लागे, कारण टायमरचा एकच ठोका कर्नलला दोन वाटांनी येऊन दोनदा मोजला जात असे. टीएससीवर सर्व भिस्त आल्यापासून चुका इतक्या ठळक राहिल्या नाहीत, आणि म्हणूनच त्या लोकांच्या उशिरा लक्षात येतात.

प्रश्न : मी फोंडा येथे शिक्षक आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत. मिंटमध्ये कर्नल अपडेट केल्यापासून घड्याळ साडेपाच तास पुढे दाखवते. हाताने दुरुस्त केले तर विंडोज साडेपाच तास मागे जाते. जुन्या कर्नलवर परतलो, तरी तेच.

उत्तर : जुन्या कर्नलवर जाऊन पाहिलेत हे उत्तम केले, कारण त्यानेच कर्नल निर्दोष सुटले. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल आणि तो वाढत नसेल, तर मोजणी ठीक आहे, फक्त वेळेचा अर्थ लावण्यात घोळ आहे, असे डोळे मिटून समजावे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. हार्डवेअर घड्याळात नुसते तास-मिनिटांचे आकडे असतात. ते कोणत्या विभागाचे आहेत हे तिथे कुठेही लिहिलेले नसते. विंडोज त्या आकड्यांना स्थानिक वेळ समजते, लिनक्स सहसा यूटीसी समजते. विंडोजने तिथे सकाळचे दहा लिहून ठेवले की लिनक्स त्यांत साडेपाच मिळवून दुपारचे साडेतीन दाखवते. लिनक्सने आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्ती करून साडेचार लिहिले की विंडोज पहाटेचे साडेचार दाखवते. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत.

मग इतके दिवस ठीक कसे होते? लिनक्सची समजूत ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘ॲडजटाइम’ या तीन ओळींच्या फायलीत नोंदवलेली असते. तिसऱ्या ओळीत ‘यूटीसी’ किंवा ‘लोकल’ असा एक शब्द असतो. ती फाइलच नसेल तर यूटीसी धरले जाते. कधी काळी कोणी तिथे ‘लोकल’ करून ठेवलेले असते आणि पुढे एखाद्या साफसफाईत वा मोठ्या अपडेटच्या ओघात ती ओळ नाहीशी होते. दुसरे कारण अधिक साधे आहे. अनेक जण लॅपटॉप महिनोन्‌महिने पूर्ण बंद करत नाहीत, नुसते झाकण मिटतात. कर्नल अपडेट झाले की मात्र तो बंद करून सुरू करावाच लागतो, सिस्टिम घड्याळ हार्डवेअर घड्याळाला नव्याने वेळ विचारते, आणि केव्हापासून दडून राहिलेला विसंवाद त्या दिवशी उघड होतो. आळ अपडेटवर येतो.

‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा चालवली की स्थानिक वेळ, यूटीसी आणि हार्डवेअर घड्याळाची वेळ एकाखाली एक दिसतात, आणि खाली हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर आहे की नाही तेही लिहिलेले असते. त्याच यादीत वेळ-विभाग ‘एशिया/कोलकाता’ आहे ना, तेही पाहून घ्यावे.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली, ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ असे सांगून लिनक्सला विंडोजच्या रीतीवर आणणे. दुसरी, विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘करंट कंट्रोल सेट’च्या ‘कंट्रोल’ शाखेतील ‘टाइमझोन इन्फर्मेशन’ या जागी ‘रिअलटाइम इज युनिव्हर्सल’ हे नाव मध्ये जागा न सोडता लिहून त्याची किंमत १ करणे, म्हणजे विंडोजही यूटीसी मानू लागेल. आमचा कल दुसरीकडे आहे. भारतात उन्हाळी वेळ पाळली जात नसल्यामुळे पहिल्या वाटेनेही आपले काम बिनबोभाट चालेल. पण गोव्यात ज्या घरांतील लॅपटॉप मुलाबरोबर लिस्बनला किंवा लंडनला जातात आणि येतात, त्यांनी पहिली वाट धरू नये. तिथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासाने सरकतात, आणि स्थानिक वेळेवर ठेवलेले हार्डवेअर घड्याळ नेमके कोणी सरकवायचे यावरून दोन्ही प्रणालींत नवे भांडण सुरू होते.

प्रश्न : साखळीजवळच्या आमच्या देवस्थानात आरती आणि पालखीच्या वेळा दाखवणारा फलक रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर चालतो. त्याला डीएस ३२३१ हे घड्याळ जोडलेले आहे. मंदिरात इंटरनेट नाही. नवी प्रणाली आणि नवे कर्नल घातल्यापासून वीज जाऊन आली की फलक काही तास मागची वेळ दाखवतो. कधी फरक अर्ध्या तासाचा, कधी पुरत्या रात्रीचा असतो.

उत्तर : फरक वीज गेली होती तेवढ्या काळाचा आहे का, हे पुढच्या खेपेस पाहावे, आमचा होरा असा की तेवढाच किंवा त्याहून फार तर तासाभराने अधिक निघेल. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत बोर्डावर हार्डवेअर घड्याळ नाहीच. ती उणीव भासू नये म्हणून ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ हा लहानसा प्रोग्राम दर तासाला आणि बंद होताना वेळ एका फायलीत लिहून ठेवतो आणि सुरू होताना तीच परत देतो. म्हणजे आपला फलक सध्या डीएस ३२३१ ला विचारतच नाही, या फायलीवर चालला आहे.

याचे कारण बहुधा असे आहे. डीएस ३२३१ असल्याचे कर्नलला ‘कॉन्फिग’ या मजकूर-फायलीतील एका ओळीने सांगावे लागते. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल ‘बूट’ फोल्डरातून त्याच्या आतील ‘फर्मवेअर’ या उपफोल्डरात गेली. जुन्या जागी त्याच नावाची फाइल दिसते, पण तिच्यात लिहिलेले काहीही अमलात येत नाही. जुन्या टिपणावरून काम करणारा माणूस हमखास तिथे फसतो. योग्य फायलीत ‘डीटीओव्हरले’ बरोबर ‘आय२सी-आरटीसी’, स्वल्पविराम, ‘डीएस३२३१’ ही ओळ घालून पाय पुन्हा सुरू करावा. ‘आय२सीडिटेक्ट’ या आज्ञेच्या तक्त्यात ६८ या जागी तोच आकडा दिसला, तर घड्याळ जोडलेले आहे पण कर्नलने ते हाती घेतलेले नाही. तिथे ‘यूयू’ अशी अक्षरे दिसली तर घेतले आहे. काहीच न दिसल्यास तारांची जोडणी पाहावी. पावसाळ्यानंतर पिना गंजलेल्या असणे आपल्याकडे नवलाचे नाही. सारे ठीक झाल्यावर ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ काढून टाकावा, वेळ मोबाइलवरून नीट लावावी आणि ‘एचडब्ल्यूक्लॉक’ या आज्ञेला ‘सिसटूएचसी’ हा पर्याय देऊन ती एकदा डीएस ३२३१ मध्ये लिहावी.

डीएस ३२३१ तापमानाप्रमाणे स्वतःला सावरून घेते आणि त्याची चूक दहा लाखांत दोनच्या आसपास, म्हणजे वर्षाला मिनिटभर, राहते. पालखीसाठी एवढे पुरे व्हावे. देवस्थान पुढे रास्पबेरी पाय ५ घेणार असेल तर त्यावर स्वतःचे हार्डवेअर घड्याळ आहे. त्याला फक्त सेल वेगळा जोडावा लागतो, आणि मग बाहेरच्या घड्याळाची गरज उरत नाही.

प्रश्न : मोरजी किनाऱ्यावर आमचा शॅक आहे. मे महिन्याअखेर तो उतरवताना संगणक बांधून घरी ठेवतो. यंदा हंगामाच्या सुरुवातीला तो लावला तर तारीख काही वर्षे मागची. हाताने तारीख लावून सर्व अपडेट केले. आता दर रात्री मुख्य बटण बंद केल्यावर सकाळी तारीख पुन्हा मागे जाते, पण पूर्वीची नव्हे, वेगळीच दिसते. अपडेटने काय केले?

उत्तर : सेल संपला आहे. चार-पाच महिने भिंतीवरच्या विजेविना राहिलेल्या संगणकाचा सारा भार त्या सेलवर असतो. नवा सीआर २०३२ तीन व्होल्टांच्या थोडा वर दाखवतो. आपला मल्टिमीटरवर अडीचच्या आसपास निघाला तर शंकाच उरत नाही. सेलची पकड खाऱ्या हवेने गंजली असेल तर तीही पुसून घ्यावी.

तारीख बदलली त्याचे कारण मात्र खरोखर अपडेटमध्येच आहे. हार्डवेअर घड्याळ फारच मागची तारीख सांगू लागले, तर सिस्टिमडी हा प्रणालीचा प्रमुख प्रोग्राम तिच्यावर विश्वास न ठेवता घड्याळ किमान स्वतःच्या निर्मितीच्या तारखेपर्यंत पुढे आणतो. अपडेटमध्ये सिस्टिमडीची नवी प्रत आली, तिची निर्मिती अलीकडची, म्हणून तळाची तारीखही पुढे आली. असा आधार नसता आणि हार्डवेअर घड्याळाची वेळ वाचताच आली नसती, तर मोजणी शून्यापासून सुरू झाली असती, आणि आपल्याला १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच असे दिसले असते.

सेल येईपर्यंत एक काळजी घ्यावी. तारीख मागची असताना ब्राउझर बँकेची संकेतस्थळे उघडणार नाही, कारण त्यांची प्रमाणपत्रे अद्याप लागूच झालेली नाहीत असे त्याला वाटते, आणि त्याच कारणाने ‘एपीटी’ हा अपडेट आणणारा प्रोग्राम अपडेट नाकारतो. अशा वेळी ब्राउझरची सूचना डावलून व्यवहार पुढे नेऊ नये. तारीख लावावी आणि मगच पुढे जावे.

प्रश्न : वास्कोतील आमच्या कार्यालयाचा सर्व्हर आभासी यंत्रावर चालतो. कर्नल अपडेटनंतर त्याची वेळ दिवसातून काही वेळा दोन-तीन सेकंद मागेपुढे उडी मारते आणि डेटाबेस तक्रार करतो. कर्नल अपडेट करणेच बंद ठेवावे का?

उत्तर : वेळ एकाच दिशेने घसरत नसून मागेपुढे उड्या मारते, याचा अर्थ बहुधा दोघे जण एकाच घड्याळाचे काटे फिरवत आहेत. आभासी यंत्रात असे तीन उमेदवार असतात : नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या क्रोनी आणि टाइमसिंकडी या सेवा, आणि यजमान संगणकाची, म्हणजे ज्यावर हे आभासी यंत्र चालते त्याची, वेळ आत आणणारी साधने. अपडेटबरोबर यांपैकी एखादी सेवा नकळत सुरू होते. ‘सिस्टिमसीटीएल’ने कोणकोणत्या चालू आहेत ते पाहून एकच ठेवावी, सर्व्हरवर आम्ही क्रोनी ठेवू. यजमानाच्या साधनांतील वेळ जुळवण्याची सोय त्यांच्या मांडणीतून बंद करावी, आणि खुद्द यजमानाचे घड्याळ बरोबर आहे ना, तेही पाहावे.

क्रोनीच्या मांडणीत ‘मेकस्टेप’ची ओळ असते. तिच्यापुढे १ आणि ३ हे आकडे असतील तर पहिल्या तीन जुळण्यांपुरतीच, आणि तीही चूक सेकंदाहून मोठी असेल तरच, एकदम उडी घेतली जाते. पुढे सर्व दुरुस्ती गती किंचित कमी-अधिक करून होते. डेटाबेसला मागे जाणारी वेळ सोसत नाही, त्यामुळे यांतील दुसरा आकडा, म्हणजे ३, वाढवू नये. ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ या आज्ञेत घड्याळाची नैसर्गिक चूक दहा लाखांच्या प्रमाणात दिसते. ती अपडेटपूर्वी वीसच्या आसपास असून आता शेकड्यांत गेली असेल, तर मात्र म्हापशाच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्यालाही लागू पडते. केव्हीएम या, आभासी यंत्रे चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवरील यंत्रात गणक ‘केव्हीएम-क्लॉक’ किंवा टीएससी असणे स्वाभाविक आहे; एसीपीआय पीएम दिसला तर चौकशी करावी.

वेळ कोणाकडून घ्यावी हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण कार्यालयांना याबाबत मोकळीक नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या सर्व संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवावयाची आहेत, आणि त्याच निर्देशांत संगणकांच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. वेळ चुकीची असेल तर त्या नोंदी कितीही दिवस जपल्या तरी कामाच्या नाहीत. कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये, वेळ ज्यातून येते तो, यूडीपीचा १२३ क्रमांकाचा मार्ग बाहेरच्या दिशेने खुला हवा. अपडेटच्या सुमारास फायरवॉलही बदलली गेली असेल तर क्रोनी तासन्‌तास वाट पाहत बसते आणि तक्रार करत नाही.

अपडेट बंद ठेवण्याविषयी : म्हापशाच्या दुकानासारख्या, इंटरनेटपासून तुटलेल्या संगणकावर ‘एपीटी-मार्क होल्ड’ने काही आठवडे जुने कर्नल धरून ठेवण्यास आमची हरकत नाही. आपला सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा आहे. तिथे कर्नलमधील सुरक्षेच्या दुरुस्त्या रोखून धरणे घड्याळाच्या दोन-तीन सेकंदांपेक्षा कितीतरी महाग पडेल. जुने कर्नल काढून न टाकता ग्रबच्या यादीत राहू द्यावे, नवे शुक्रवारी संध्याकाळी घालू नये, आणि अपडेटपूर्वीचा ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’चा आकडा नोंदवहीत लिहून ठेवावा.